उसवलेली ओळ

गल्लीत तिला भिंगबाई म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग ती जेवतानाही काढत नसे. वारशाने आलेल्या जुन्या गोधड्या धुऊन द्यायच्या आणि त्यांचं वय, त्यांची लायकी कागदावर लिहून द्यायची, हा तिचा धंदा. नाक इतकं तयार झालेलं, की घडी उलगडायच्या आधीच सांगे, "ही ट्रंकेत होती, आणि ट्रंकेखाली ओल होती." एकदा एक बडे साहेब पणजीच्या हातची म्हणून गोधडी घेऊन आले. हिने ती उलटी केली आणि विचारलं, "पणजीला टेरिकॉट कुठे मिळालं हो?" साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

एक हट्ट मात्र तिने कधी सोडला नाही. कुणाचाही टाका उसवायचा नाही, मग तो वाकडा असो की कुजका. गिऱ्हाइकं वैतागत. कारण ती सांगत नसे, पण आपल्यापासून काय लपवायचं? नऊ वर्षांची असताना थोरल्या बहिणीशी तिचं भांडण झालं होतं, रिबिनीवरून. ताई तेव्हा पहिली गोधडी शिवत होती. दुपारी तिचा डोळा लागल्यावर हिने कात्री घेतली आणि मधली अख्खी ओळ उसवून टाकली. ताईने उठल्यावर गोधडी नुसती घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी ताई घरात नव्हती आणि गोधडीही नव्हती. ताई परत आलीच नाही. मोठ्या माणसांनी आपापसांत पुष्कळ कारणं काढली, पण धाकटीच्या मनात बसलं ते बसलंच. माझ्यावर रागावून गेली का, एवढं एकच तिला साठ वर्षं विचारायचं होतं.

त्या सोमवारी एक तरुण नर्स भली मोठी पिशवी घेऊन आली. "आजीची आहे. ठेवण्याजोगी असेल तर सांगा, नाहीतर आम्ही चौघं भावंडं चार तुकडे करून घेतो," म्हणाली आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून पळाली.

भिंगबाईने गोधडी पालथी घातली. नेहमी ती पाठीकडूनच वाचायला घेई, कारण माणूस खोटं बोलतो ते दर्शनी बाजूला. बोट धावदोऱ्यावरून सरकलं आणि थांबलं. दोऱ्याला गाठ नव्हती. दोन टाके मागे घेऊन शिवण सुरू केली होती. लहानग्यांना गाठ टोचते, म्हणून अशी शिवण करणारी तिने जन्मात एकच पाहिली होती.

सुलट केली तर मधोमध एक ओळ रिकामी. नुसती सुईची भोकं, दोरा नाही.

मग ठिगळं दिसू लागली. फुलाफुलांचा पडदा. ताई गेल्यावर तीन वर्षांनी तो वाळत घातलेला असताना दोरीवरून नाहीसा झाला होता आणि बिचाऱ्या शेजारणीवर आळ आला होता. नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट, वाऱ्याने उडाला म्हणून सोडून दिलेला. लेकीचं झबलं. घरातून हरवलेलं एकेक इथे नीट दुमडून शिवलेलं होतं. आणि डाव्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा एप्रन, खिशावर शाईचा डाग असलेला. तो गेल्याच मंगळवारी दोरीवरून गेला होता.

तिने नर्सला फोन लावला.

"ही शेवटची कुणी हाताळली?"

"कुणीच नाही. आजीला जाऊन सहा वर्षं झाली. कपाट परवाच उघडलं."

"आणि मधली ओळ?"

"ती आजी कुणाला शिवू द्यायची नाही. म्हणायची, जिने उसवलीय तीच शिवेल."

"रागाने म्हणायची?"

"छे हो, हसत! शेवटी शेवटी तर रोज विचारायची, आली का ती म्हणून."

भिंगबाईने फोन ठेवला आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

मग तिने डोळे पुसले आणि सुई ओवली. गाठ मारली नाही. दोन टाके मागे घेतले आणि जुन्या भोकांतूनच एकेक टाका घालत गेली. खिडकीत लख्ख दुपार होती. काठापाशी येता येता दोरा संपला. शेवटचे दोन टाके राहिले. सुई बाहीला टोचून ती रीळ आणायला आत गेली.

परत आली तेव्हा ओळ पुरी झालेली होती. शेवटचे दोन टाके मागे घेतलेले, गाठ नाही. सुई तिच्या बाहीलाच होती, दार आतून बंद होतं. गोधडीच्या कडेला कुणी बसून उठल्यासारखा खळगा पडला होता. तिने भीत भीत हात ठेवला. जागा उबदार होती.

"ताई, बस ना अजून," ती म्हणाली. खळगा हळूहळू भरून आला.

संध्याकाळी तिने कागद लिहायला घेतला. वय, साठ वर्षं. शिवणारे हात, दोघींचे. खाली नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं, कापू नये. आणि साठ वर्षं जपलेली ती भांडणाची रिबीन, ताईला न्यायची असेल तर नेऊ दे म्हणून, रात्रीपुरती दोरीवर घालून आली.