हाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिवलग मैत्रिणीलाही नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण परवा सई, माझी दहा वर्षांची मुलगी, जेवताना सहज म्हणाली, "आई, आबाजी तसे अबोलच होते ना गं?" आणि मी ताटावरून मान न उचलता म्हणाले, "हो."

आबाजी म्हणजे माझे बाबा. अबोल! वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडवर त्यांनी तीस वर्षं गाड्या पुकारल्या. सकाळची पहिली गाडी त्यांनी भोंग्यावरून पुकारली की अर्धं गाव चहाचं आधण ठेवायचं. आई कायम आजारी, म्हणून माझ्या वेण्याही तेच घालायचे — वाकड्या, पण घट्ट. मग सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे. जाताना एक गोष्ट, येताना दुसरी. अशा माणसाला अबोल कुणी केलं? — थांबा, सांगते. एकदम तोंडातून निघत नाही.

मी पुण्यात शिकायला आले तेव्हा हॉस्टेलच्या मुली मला मुद्दाम बोलतं करायच्या. मी "मले" म्हटलं की हसायच्या, "काहून" म्हटलं की पोट धरून हसायच्या. दोन वर्षांत मी जीभ घासून लख्ख केली. इतकी, की सदाशिव पेठेतल्या घराण्यात सून म्हणून खपले. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "तिकडची आहे, पण बोलण्यावरून कळत नाही हो." आणि मी — मी ते कौतुक मिरवायचे.

आई गेल्यावर बाबांना मीच कोथरूडला घेऊन आले. सई तेव्हा चार वर्षांची. मला नोकरी, सासूबाईंचे गुडघे दुखरे. मुलीला सांभाळायला माणूस हवंच होतं. प्रेमानं आणलं असंही म्हणता येईल. सोय म्हणून आणलं, हे जास्त खरं आहे. बाबांना मात्र हे नातीचं राज्यच मिळालं. "काहून रडते व माय? थांब, तुले वाघाची गोष्ट सांगतो," हे दिवसभर चालायचं. महिन्याभरात माझी लेक "मले पाणी दे" म्हणायला लागली. जी भाषा मी उपटून फेकली होती, ती माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या पोरीच्या तोंडून परत आली. राग यायचा मला. लाजही वाटायची. कशाची लाज? ज्यानं माझ्या वेण्या घातल्या, त्याच्या बोलण्याची.

सईच्या पाचव्या वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "केक हवा का गं?" सई म्हणाली, "हाव." आमच्याकडे 'हाव' म्हणजे 'हो'. सासूबाई म्हणाल्या, "हाव बरी नव्हे. एकच तुकडा घे." सगळे खो खो हसले. मीही हसले. बाबांना विनोद कळला नसावा. नातीचं कौतुक चाललंय असं वाटून तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले. ते हसणं मला सहन झालं नाही. दोष सासूबाईंचा नव्हे, त्या बोलून मोकळ्या झाल्या. पुढचं माझं आहे.

त्याच आठवड्यात शाळेत पालकसभा होती. बाई म्हणाल्या, "सई काय गोष्टी सांगते हो वर्गात! तिचं ते 'काहून' मुलांना इतकं आवडतं. आजोबांना एकदा पाठवा ना वर्गावर." नीट ऐका — बाई एवढंच म्हणाल्या. मी हसून बरं म्हटलं आणि बाहेर आले. फाटकाशी बाबा उभे होते, सईची पाण्याची बाटली गळ्यात अडकवून. "काय म्हने बाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "बाबा, शाळेतून तक्रार आली आहे. तुमच्या बोलण्यामुळे पोरीची भाषा बिघडली. मुलं चिडवतात तिला. असंच चाललं तर तिला मागं ठेवतील."

यातला एकही शब्द खरा नव्हता.

"माह्यामुळे?" त्यांनी विचारलं. बाटली गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या तोंडून 'माह्या' ऐकलं ते शेवटचं.

मग काय झालं सांगू? त्यांना शुद्ध मराठी येत होती, पण फक्त भोंग्यावरची. तीच ते घरात बोलू लागले. "सईने कृपया दूध घ्यावे." "शाळेची बस थोड्याच वेळात सुटेल." सई आधी हसली, मग कंटाळली, मग एके दिवशी त्यांचा सदरा ओढत रडली — "आबाजी, नीट बोल ना!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी परवानगी मागत होते हो ते. मी भेंडी चिरत होते, चिरत राहिले. स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारायचे, "काहूनला 'का' म्हणायचं की 'कशाला'?" मी चूक सुधारून द्यायचे. मास्तरणीसारखी! हळूहळू त्यांनी गोष्टी बंद केल्या, नंतर बोलणंच. वर्षभरानं "आता सई मोठी झाली" म्हणत गावी परत गेले. मी थांबवलं नाही. मला हलकं वाटलं होतं.

या फेब्रुवारीत त्यांना इथल्या दवाखान्यात आणलं, तेव्हा फार काही उरलं नव्हतं. दुपारची वेळ होती, खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी मला जवळ बोलावलं. एकेक शब्द निवडून म्हणाले, "माझ्यामुळे सईला शाळेत त्रास झाला. मनात राहून गेलं आहे. मला माफ कर." माझ्यामुळे. मला. मरतानासुद्धा चुकले नाहीत.

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. ते डोळे लावून बघत होते. "केलं ना माफ?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हाव, बाबा."

वीस वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला होता. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! पोरगी आपल्या भाषेत बोलली, आणि तिनं माफही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.