तिन्ही उपासनांचे मामा

रविवारी तीन-तीनदा देवाची गाठ घेऊनही ज्याचं पोट भरत नाही, असा सबंध जालना जिल्ह्यात एकच माणूस होता आणि तो आमच्या वसाहतीत राहत होता. सगळे त्यांना मामा म्हणत. तलावाकाठी ही वसाहत झाली, तेव्हा तिथल्या मोजक्या ख्रिस्ती घरांनी मिळून एका खोलीचं चॅपल बांधलं. पंथ तीन आणि जागा एक, म्हणून सकाळी कॅथलिकांची मिस्सा, मग आमची मिशनवाल्यांची उपासना आणि संध्याकाळी गिटारवाल्या पास्टरांची प्रार्थनासभा. मामा तिन्हीकडे पहिल्या रांगेत! मधल्या वेळेतली हलवाहलवही त्यांनी आपणहून अंगावर घेतलेली. मिस्सा संपली की खुर्च्या भिंतीला, आमच्यासाठी सतरंजी आणि पेटी. आमचं आटोपलं की पास्टरांचा स्पीकर. आमच्यात मूर्ती चालत नाही, म्हणून मारियामातेपुढे पडदा ओढायचा. एकदा तो ओढायचा राहिला आणि आमच्या पाळकसाहेबांनी सगळा उपदेश छताकडे बघत केला. वर मामाच विचारतात, "साहेब, छत गळून राह्यलं का?"

"मामा, तुम्ही नेमके कुणाचे हो?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी चॅपलचा. बाकीचं तुमचं तुमी बगा."

तिन्ही मंडळ्यांनी एकदा तरी एकत्र बसावं, एवढाच त्यांचा हट्ट. गेल्या नाताळात त्यांनी सगळ्यांना मुद्दाम एकाच वेळेला बोलावलं, मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. सगळे आलेही. पण आम्ही पडलो सभ्य माणसं! "आधी तुमचं होऊ द्या," म्हणत एकेक मंडळी आत गेली आणि बाकीच्या दोन तलावाच्या कठड्यावर बसून राहिल्या. मामा दारातून ओरडत होते, "अहो, या की समदे आत! बिलकुल जागा हाय!" जागा होतीच. कुणी हललं नाही. शेवटी मामांनीच चहा कठड्यावर आणून दिला.

उन्हाळ्यात ते आजारी पडले. फादरना वाटलं, मिशनवाले जात असतील. आम्हाला वाटलं, पास्टर जात असतील. पास्टरांच्या मते मामा कॅथलिक. सगळ्यांकडे जाणाऱ्या माणसाकडे कुणीच गेलं नाही. याची चुटपुट अजून जात नाही.

मामा गेले त्या दिवशी मात्र तिन्ही मंडळ्या चॅपलमध्ये दाटीवाटीनं उभ्या होत्या. फादर, पाळकसाहेब आणि पास्टर बायबल धरून एकमेकांकडे बघत होते.

"आपण सुरू करा."

"छे छे, आपण."

शेवटी मामी शवपेटीजवळून उठल्या. "आता तरी येकमेकाची वाट नका पाहू," त्या म्हणाल्या. "त्यायनी लई पाह्यली तुमची."

मग कुणीतरी प्रभूची प्रार्थना सुरू केली. शब्द थोडे इकडेतिकडे झाले, पण सगळे एकदमच म्हणत होते. ऐकायला मामा हवे होते.