विमान चालवणारी बुढी

कुणी भूत पाहिलं म्हणालं, की मी आधी विचारते, "रात्री जेवलास काय?" माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण नात म्हणाली, "आजी, लिहून टाक, या ग्रुपवर सगळे असंच काहीतरी लिहितात." म्हणून लिहिते.

सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागतानाची गोष्ट. मी नागपूरची बी.एस्सी. झालेली मुलगी, लग्न होऊन करडी गावात आले. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर माझ्याइतकं शहाणं कुणी नाही, असं माझं ठाम मत होतं. चूल पेटवताना ज्वलन म्हणजे काय ते मी सासूला समजावून सांगत असे. चूल मात्र सासूच पेटवायची...

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. तुमसरला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर लागणार होतं, वर्षातून एकदाच यायचं. पण आत्याबाई ऐकेनात.

"तांदूळ निवडणं हाताले येते, घर पायाले येते. डोळे कायले कापू?"

"आणि त्या दिवशी तलावाच्या पाळीवरून घसरल्या ते?" मी म्हटलं. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, असलेल्या माणसाने ओढून काढलं म्हणून वाचल्या होत्या.

"पाहासारखं काही उरलं असन त सांग."

आत्याबाईंना नाटकांचं वेड. मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकांना बैलगाडीने चार-चार गावं पालथी घातलेली बाई. एखादा प्रवेश आवडला की उभी राहून "वन्स मोअर!" ओरडायची, आणि तो नट बिचारा मेलेला असला तरी उठून पुन्हा मरायचा. डोळे गेले तसं तेही सुटलं. मी तेच धरलं. म्हटलं, "तुमसरला अंतराळातला पिक्चर लागलाय. विज्ञानाचा! चला. आवडला तर तिथूनच शिबिरात नाव लिहू."

"अन नाही आवडला त पुन्यांदा माह्या डोळ्याचं नाव काढायचं नाही."

कबूल म्हटलं. पोस्टरवर चंदेरी कपड्यांतला हिरो, मागे जळणारा ग्रह. मला खात्री होती. गुरुवारी दुपारी बाराचा शो. आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. पिक्चर काय आहे ते मी कानात सांगायचं ठरलं.

मंडळी, काय सांगू! मंगळ ग्रह म्हणून जे दाखवलं ती मुरमाची खदान होती. मंगळाच्या आभाळातून एक कावळा गेला. यंत्रमानव म्हणजे पत्र्याचा डबा, खाली चपला दिसत होत्या. विमानाची तार मला तिसऱ्या रांगेतून दिसली. आणि हिरो नुसता मारत सुटला होता, कुणाला आणि कशासाठी, ते दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं.

"काय होऊन रायलं?" आत्याबाई.

"मारामारी."

"मंग?"

"अजून मारामारी."

आत्याबाईंनी पदर सावरला. त्यांची निघायची ती खूण मला माहीत होती. "यात बायाच नाही काय वो?" त्यांनी विचारलं.

डोळे चालले... एवढंच माझ्या मनात आलं. आणि विज्ञानाची पदवीधर मी, पटकन खोटं बोलले. "आहे नं! एक बुढी आहे. तीच विमान चालवते."

"बुढी?" त्या परत टेकल्या. "नऊवारीत?"

"हो."

मग मी सुटलेच. बुढी ढगातून निघाली, बुढीने यंत्रमानवांना झाडूने हाणलं, बुढीने हिरोला झापलं. पडद्यावर तेव्हा हिरो डब्यांना लाथा घालत होता. पण माझं डोकं तरी किती चालणार? अर्ध्या तासात गोष्ट संपली.

आत्याबाई मात्र पडद्याकडे बघत होत्या. चेहरा असा, जसा मी कधीच पाहिला नव्हता.

"तू नको बोलू आता," त्या म्हणाल्या. "मले दिसून रायलं."

आणि त्याच मला सांगायला लागल्या! बुढीच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे. उजव्या हातात हिरव्या बांगड्या, डावा हात रिकामा. विमान तलावात उतरवलं, कमळं हलली. मी यातलं काहीही बोलले नव्हते. शेवटी त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या टॉकीजमध्ये आवाज घुमला... "वन्स मोअर!"

लोक हसले. मी लाजेने अर्धी झाले. बाहेर येताच त्या म्हणाल्या, "चाल, नाव लिहू."

आता इथपर्यंत ठीक आहे. म्हाताऱ्या बाईची कल्पनाशक्ती, माझ्या गोष्टीचा परिणाम, असं मी स्वतःला समजावलं. समजावण्यात मी हुशारच होते.

ऑपरेशन झालं. शाळेच्या वर्गात ओळीने गाद्या, सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या. आत्याबाईंच्या शेजारी नाकाडोंगरीची एक बाई, तिच्याजवळ तिची मुलगी. मी चहा घेऊन आले तेव्हा ती बाई मुलीला म्हणत होती, "पण तिच्या डाव्या हातात बांगड्या काहून नव्हत्या वो?"

मी दारातच थांबले.

डोळ्यांवर पट्टी असतानाच आत्याबाईंनी तिच्याकडे मान वळवली. "डाव्या हातानं इमान धरे नं ते. फुटल्या नसत्या काय?"

"अवो हो! मी त वन्स मोअर मारला तिले."

"मी बी!"

दोघी हसायला लागल्या. नर्स ओरडली, "हसू नका, टाके तुटतील!"

मी त्या मुलीला बाजूला घेतलं. त्यांनी पिक्चर रविवारी पाहिला होता, आमच्या चार दिवस आधी. आईच्या कानात ती काय बोलली, तेही विचारलं. "काहीच नाही जी. मी झोपली होती," ती म्हणाली. "पण माय त्याच दिवसापासून त्या बुढीचंच सांगून रायली. तुमाले दिसली काय?"

मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी चांगले डोळे असलेल्या बाया एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

पट्टी सुटली. आत्याबाईंनी जाड चष्म्यातून मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "आवाजावरून मले वाटे तू उंच असशीन," म्हणाल्या. पुढे कितीतरी वर्षं त्या तलावाची पाळ एकट्या चालत गेल्या. तोच पिक्चर पुन्हा लागला तेव्हा हट्टाने गेल्या, शेवटपर्यंत बसल्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बुढीले काढून टाकलं वाटते यायनं. पिच्चरची वाट लावली."

मी खोटं बोलले होते, हे त्यांना कधी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ते खोटं होतं का, हेच आता मला माहीत नाही.

परवा डॉक्टरांनी माझ्याही डोळ्यात मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. मंगळवारी ऑपरेशन आहे, दहा मिनिटांचं काम म्हणे. सोमवारी दुपारी नात मला पिक्चरला नेणार आहे. तिने विचारलं, कोणता बघायचा? मी म्हटलं, "विमानाचा. आणि जेवढा भिकार मिळेल तेवढा बरा."