मी डेअरीत नव्हते

ही गोष्ट सबंध अशी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्याशी मी कचऱ्याच्या बिनचा वार चुकण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की ओळखता, आणि म्हणूनच? असो. मला मुद्द्यावर यायला नेहमीच वेळ लागतो.

इंग्लंडात, रीडिंग गावाजवळच्या एका संशोधनाच्या फार्मवर मी काम करते. गुरांनी काय खावं, यावर. लाल क्लोव्हर नावाचं पीक आहे — आपल्याकडच्या लसूणघासाचं भावंडच म्हणा. ते गवतात मिसळून पेरायचं, हिरवं कापायचं, दाबून हवाबंद ठेवायचं, की आंबून त्याचा मुरघास होतो. तो खाऊन जनावरं विकतच्या पेंडीशिवाय कशी वाढतात, हे आम्ही पाहतो. सकाळी चारा तोलून घालायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला तोलायचा. गोऱ्हे भारी लबाड. पानं तेवढी खातात आणि देठं नाकाने बाजूला सारतात, थेट माझ्या लेकासारखे. मला हे काम मनापासून आवडतं. फक्त — ही जनावरं दुधाची नाहीत. मांसासाठी वाढवलेली आहेत.

आईला मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की गाईगुरांच्या चाऱ्यावर काम मिळालंय. तिने पुण्यातल्या अख्ख्या सोसायटीला कळवलं, लेक विलायतेत गोसेवा करते! मी दुरुस्ती केली नाही. कशी करणार? इतकी खूश होती ती. मग सासरी तेच चाललं, मग इथे लंडनमध्ये ईलिंगच्या मराठी मंडळातही. मुरघासाचा आंबूस-गोड वास केसांत बसतो तो जाता जात नाही. मंडळात जायच्या दिवशी मी दोनदा न्हायचे.

पण मला सांगायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर मी ते चारचौघांत हसून सांगितलं असतं.

मिलिंदबद्दल सांगायला हवं.

मिलिंद माझ्याच टीममध्ये आहे. नागपूरचा, बौद्ध. मी पुण्याच्या ब्राह्मण घरातली. फार्मवर दोघांच्या अंगाला एकच वास, त्यामुळे बाकी काही लक्षात यायचं कारणच नव्हतं — निदान मला तसं वाटायचं. दुपारी शेडमध्ये बसून आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खायचो. माझी आमटी म्हणजे आजारी माणसाचं जेवण, असं तो म्हणायचा आणि तरी वाटी पुसून खायचा. माझ्या पहिल्या ट्रायलचे हिशेब चुकले, तेव्हा आपले वीकेंड घालवून माझ्याबरोबर बसला. वर कुणाला कळूही दिलं नाही.

त्याची मुलगी मित्रा तेव्हा शाळेत होती. तिला चार मराठी मुलांत मिसळता यावं म्हणून मीच — हो, मीच — त्यांना मंडळात घेऊन गेले. मित्रा महाराष्ट्र दिनाच्या लेझीमच्या सरावाला जायला लागली. आम्ही सगळे माझ्याच गाडीने जायचो.

आमच्या मंडळात हॉल भाड्याचा आणि स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा. महाराष्ट्र दिनाला पुरणपोळ्या होत्या. मिलिंद लाटायला बसला, आणि बायका बघत राहिल्या. इतक्या पातळ पोळ्या, आणि एकही फुटत नव्हती. सोमणकाकू, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा, कौतुकाने विचारू लागल्या, की तुम्ही करता काय? तो सरळ माणूस. सरळ सांगितलं.

"बीफ कॅटलचं न्यूट्रिशन, काकू."

काकूंनी आडनाव विचारलं. तेही त्याने सांगितलं. मग काकू गोड आवाजात म्हणाल्या, "मिलिंद, तुम्ही बाहेर खुर्च्या लावता का? तिकडे हात कमी पडतायत." आणि त्याच्यासमोरचं लाटणं उचलून त्यांनी सिंकमध्ये साबणाने धुतलं. जातीचं नावही काढलं नाही. गरज काय होती? मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दोघं एकाच ठिकाणी ना गं?"

तो दारापर्यंतच पोचला होता.

मी म्हटलं, "नाही हो काकू, मी डेअरीत. दुधाच्या गाई."

काकूंनी ते धुतलेलं लाटणं माझ्या हातात दिलं. आणि मी — मी ते घेतलं. त्याच्या पाटावर बसले आणि पोळी लाटली. माझी फुटली. काकूंनी पुढचा उंडा माझ्याकडे सरकवला.

खोटं बोलले ते भीतीने, असं म्हणता येईल. पण लाटणं? ते मला कुणी बळेच धरायला लावलं होतं का?

परत येताना एम-फोर हायवेवर मिलिंद पावसाबद्दल आणि पहिल्या कापणीबद्दल बोलत होता. मागून मित्रा विचारत होती, पुढच्या वर्षी पण यायचं ना? तो म्हणाला, बघू. ते पुन्हा आले नाहीत. मित्राची छोटी लेझीम माझ्या डिकीत राहिली. दर राउंडअबाउटला ती छन् करायची. परत देणं सोपं होतं, नाही का? मी ती टॉवेलात गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवली. मिलिंद कामात पूर्वीसारखाच वागत राहिला. डबा पुढे करणं तेवढं थांबलं.

यंदा वसंतात मित्रा वडिलांना न्यायला फार्मवर आली. युनिव्हर्सिटीत शिकतेय आता. एकेकाळी मावशी मावशी करत माझ्या गळ्यात पडणारी पोर नम्रपणे म्हणाली, "हाय, तुम्ही बाबांच्या colleague ना?"

मला भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी क्लोव्हरच्या शेतात मिलिंद एक रोप उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडून बघत होता. आतून गुलाबी असली की ती जिवंत, हवेतला नत्र धरायच्या कामाला लागलेली. तिथेच मी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे, जवळजवळ सगळं.

तो म्हणाला, "मला काय सांगतेस? मी दारातच होतो. सांगायचं तर त्यांना सांग."

आणि ती गाठ माझ्यापुढे धरली. गुलाबी होती.

या महाराष्ट्र दिनाला मी न्हाऊन गेले नाही. फार्मवरून थेट गेले. पोळ्या चालल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, की मी कधीच डेअरीत नव्हते, मिलिंदबरोबर बीफवरच काम करते, त्याला इथून उठवलंत तेव्हा मी खोटं बोलले. सोमणकाकू तव्याकडे बघत म्हणाल्या, "आता कशाला तो विषय? पोळ्या करपतायत." मला कुणी जा म्हणालं नाही. मीच हात धुतले आणि बाहेर जाऊन खुर्च्या लावू लागले. थोड्या वेळाने मंडळातलीच, इंग्लंडात वाढलेली एक मुलगी येऊन दुसऱ्या टोकाने लावायला लागली. म्हणाली, "मला पण animal science करायचा आहे, मावशी. घरी सांगितला नाही अजून. तुमची फार्म बघायला मी येऊ?" मी म्हटलं, ये. त्या रात्री आईलाही फोन करून खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, जनावरं नीट खातात ना?

सोमवारी लेझीम घेऊन गेले. लाटण्याचं राहिलं होतं, तेही सांगितलं, की मी ते घेतलं आणि लाटत बसले. मिलिंदने ऐकून घेतलं. मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. विचारणार नाही. त्याने टॉवेल सोडला, लेझीम हातात घेतली आणि एकदा जोरात वाजवली. गव्हाणीतली सगळी तोंडं एकदम वर आली, कान आमच्याकडे.

"मित्राला देतो," तो म्हणाला.

गोऱ्ह्यांनी पुन्हा चाऱ्यात तोंडं घातली. आम्ही कालचा उरलेला तोलायला घेतला. देठंच होती, आणि तीही थोडीच.