तोरणमाळवर चालेल तो आकडा

प्रकाशा गावच्या रंजिता पाटीलला आपली चूक कळली ती एका गोधडीमुळे.

रंजिता शहाद्याच्या एका कॉलेजात संगणकांची प्रयोगशाळा सांभाळते. उरलेल्या वेळात तिने ‘शब्दपेटी’ नावाचा एक प्रोग्राम लिहिला. चित्रावर क्लिक केलं की त्याचा पावरी या आदिवासी बोलीतला शब्द दिसतो, शेजारी मराठी. प्रोग्राम सर्वांना खुला. कुणीही घ्यावा, बदलावा. वर डोंगरातल्या तोरणमाळच्या शाळेतले दिलवरसिंग पावरा गुरुजी त्यात स्वतः शब्द आणि चित्रं घालत, आणि दर वेळी तिथल्याच जुन्या संगणकावर तो नव्याने तयार करत. लिहिलेल्या ओळींतून चालता प्रोग्राम उभा करणारं एक साधन असतं, त्याला बिल्ड टूल म्हणतात. ते कमीत कमी कुठल्या आवृत्तीचं हवं, हा आकडा रंजिता एका फाइलीत लिहून ठेवते.

यंदा शब्दपेटीला आवाज आला. गुरुजींच्या आईने, फुलीबाईंनी, तीनशे बारा शब्द फोनवर बोलून दिले होते. सोमवारी पहिलीची नवी मुलं येणार. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या त्या मुलांच्या कानांवर पहिल्याच दिवशी, शाळेतच, आपली बोली पडावी, एवढंच गुरुजींच्या मनात होतं.

शनिवारी दुपारी ते रंजिताच्या दारात उभे राहिले. छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी.

“गोधडीमा काय गुंडाळी लई उनात, मास्तर? पोर शे का?” मंगलाबाईंनी, रंजिताच्या आईने, ओसरीतूनच अहिराणीत विचारलं.

“पोरापेक्षा जपून आणलंय, आई,” गुरुजी हसले. गोधडीतून शाळेच्या संगणकाचा डबा निघाला. घाटाची सगळी वळणं त्यांनी तो जीपमध्ये मांडीवर धरून काढली होती.

“ताई, आमचं मशीन कमी पडतंय,” ते अपराध्यासारखं म्हणाले. “नवी शब्दपेटी साधन तीन पॉइंट पंचवीस हवं म्हणते. आमच्याकडे तीन पॉइंट सोळा. नवं टाकायला गेलो तर मशीनच आडवं झालं. पोरांनी एवढ्यात काही बिघडवलेलं नाही, बरं का.”

रंजिताने फाइल उघडली. पंचवीस. हा आकडा आला कुठून? तिच्या नव्या लॅपटॉपवर पंचवीस होतं, तिथे प्रोग्राम तयार झाला, म्हणून तिने तोच लिहून टाकला होता. सोळावर चालतं की नाही, हे तिने पाहिलंच नव्हतं.

“गुरुजी, मशीन कमी पडलं नाही. मी न बघता आकडा लिहिला.”

“असं कसं, ताई? तुम्ही लिहिलंय म्हणजे...”

“फोन तरी करायचा!”

“तुम्हाला कशाला त्रास?”

“चूक तुन्ही, आन् घाट उतरना हाऊ मास्तर!” मंगलाबाई लेकीला म्हणाल्या आणि तव्यावर आणखी दोन भाकरी टाकायला आत गेल्या.

रंजिताने त्या डब्याला घरचा मॉनिटर जोडला, पंचवीसचे सोळा केले आणि प्रोग्राम तयार करायला लावला. एक्केचाळिसाव्या ओळीवर गाडी अडली. तिथे तिने एक नवी आज्ञा वापरली होती, जी सोळाला ठाऊकच नव्हती.

गुरुजींचा चेहरा उतरला. “म्हणजे खरंच नवं लागतं.”

“नाही. मी चार ओळींचं काम एका ओळीत उरकलं, एवढंच.” तिने त्या चार ओळी जुन्या पद्धतीने लिहिल्या. पुन्हा सुरू केलं. भाकरी झाल्या, वांग्याचं भरीत झालं, तरी डबा घरघरतच होता. मग तो गप्प झाला. गुरुजींनी कोंबडीच्या चित्रावर क्लिक केलं, आणि प्रकाशाच्या त्या ओसरीत फुलीबाई बोलल्या. गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“सोळाच्या खाली जाऊन बघू?” रंजिताने विचारलं.

“कशाला? कुणाकडे आहे?”

“कुणाकडेच नसेल, तर नको.” तिने आकड्यापुढे एक ओळ लिहिली: ‘तोरणमाळच्या शाळेत दिलवरसिंग गुरुजींच्या संगणकावर तयार करून पाहिले. त्यांना विचारल्याशिवाय वाढवू नये.’

“माझं नाव कशाला?”

“तुम्ही आणलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं, गुरुजी.”

संध्याकाळच्या जीपला तिने स्वतः तो डबा धरून त्यांच्या मांडीवर ठेवला, गोधडीचं टोक नीट खोचलं.

सोमवारी दुपारी नेटवर्क मिळेल त्या कड्यावर जाऊन गुरुजींनी निरोप पाठवला: ‘ताई, एक मुलगी रडत होती. माझ्या आईने म्हटलेला कोंबडीचा शब्द ऐकून थांबली. आता सगळी पोरं मशीनला उत्तरं देतात. आई विचारते, आणखी किती शब्द हवेत?’

रंजिताने तो निरोप दोनदा वाचला आणि मंगलाबाईंना वाचून दाखवला.

पुढे शब्दपेटीला परदेशातून हातभार लावणाऱ्या एकाने सुचवलं की हा आकडा फार जुना आहे, वाढवू या. रंजिताने आभार मानून उत्तर दिलं, ‘थोडं थांबा, तोरणमाळला विचारते,’ आणि गुरुजींना फोन लावला.