गाडीच्या नाकातल्या चिंध्या

लग्नाला निघायच्या सकाळी मी लाटण्याने गाडीच्या नाकात चिंध्या कोंबल्या. कबुली देऊन टाकते म्हणजे पुढचं सांगायला सोपं. नातवंडं हे ऐकून पोट धरून हसतात. मीही हसते, कारण ती बेचाळीस वर्षांची अतिशहाणी बाई आता माझी कुणी लागत नाही.

गाडीला नाक कुठे असतं, असं विचाराल तर आधी गाडीच सांगावी लागेल.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही चंद्रपूरजवळ घुग्घुसला क्वार्टरमध्ये राहायचो. आमचे हे कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. कधीकाळी मशीन बसवायला आलेला कुणी परदेशी साहेब आपली दोन सीटांची लाल गाडी इथेच टाकून गेला होता. ती एका शेडमध्ये पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. शेड पाडायला निघाली तेव्हा ह्यांनी ती उचलून आमच्या अंगणात आणली. चार माणसांनी ढकलत आणली, पण हे स्टिअरिंग धरून असे बसले होते की जणू चालवतच आणली.

मी पुढचं झाकण उघडलं. आत रिकामं. मागे जाऊन डिकी उघडली. तिथेही एक ट्रंक मावेल एवढी जागा, बाकी काही नाही.

"अजी, इंजिन चोरीले गेलं ना याचं!" मी अशी ओरडले की तीन क्वार्टरं बाहेर आली.

ह्यांनी सीटच्या मागचं एक झाकण उचललं. इंजिन तिथे होतं. बसणाऱ्याच्या पाठीला टेकून, गाडीच्या अगदी पोटात.

"शर्यतीच्या गाडीचं असंच राह्यते," हे म्हणाले. "वजन मधात आलं का वळणावर गाडी घट्ट बसते."

"मंग माणूस पाठीकडून भाजत असन."

"भाजते थोडासा."

पुढची दोन वर्षं आमचे सगळे रविवार त्या गाडीने खाल्ले. ती जमिनीला इतकी लागून होती की आत बसणं म्हणजे जेवायला पाटावर बसणं. कोळशाच्या ट्रकांनी खोदलेल्या आमच्या रस्त्यावर तिचं पोट घासायचं. म्हणून ह्यांनी जुन्या जीपचे स्प्रिंग कापूनकुपून तिला उंच केली. त्यानंतर ती शर्यतीची गाडी न दिसता अंड्यांवरून अर्धवट उठलेली कोंबडी दिसायला लागली. फाटलेल्या सीटांना मी गोधडीची कव्हरं शिवली, फुलाफुलांची. कार्बोरेटर एका मोडक्या गाडीचा, हॉर्न ट्रकचा. त्या हॉर्नला गावातली कुत्री आधी पळायची आणि मग वळून बघायची की एवढ्याशा गाडीतून हे आलं कसं.

खरी अडचण उन्हाची होती. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत असेलच. पाठीमागे कोंडलेल्या त्या इंजिनला वारा लागायचा नाही, आणि अर्ध्या तासात गाडी बंद पडायची. ह्यांनी चंद्रपूरहून एका चाचांना बोलावलं. ते पत्र्याचे कूलर बनवायचे. गाडीभोवती दोन चकरा मारून चाचा म्हणाले, "भाई, अपन इसको कूलर समझ के चलेंगे."

त्यांनी दोन्ही दारांच्या मागे पत्रा ठोकून दोन मोठाल्या नाकपुड्या काढल्या. गाडी पळाली की वारा त्यांतून थेट इंजिनवर. तोंडाला जाळी लावली, ऐटबाज.

"भाभी, ये इसकी नाक है," चाचांनी मला समजावलं. "दोनों तरफ से सांस लेगी."

मी मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली. ती मान मला अजून आठवते.

चाचांचं काम लागू पडलं. गाडी तास-दीड तास चालायला लागली आणि हे दोन इंच उंच झाले. त्या दिवाळीला आम्ही गडचिरोलीला माझ्या भासऱ्यांकडे गेलो. भासरे म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. त्यांची तिथे धानाची मिल. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन रे, दोन वर्षं झाले, ते कबाड कुठवर आलं?"

"उन्हाळ्यात तुमच्या पोराच्या लग्नाले त्याच गाडीनं येतो, दादा."

"ये. कोणी धक्का न देता, कोणी न ओढता माह्या मांडवापाशी आली तं मी तिले हार घालीन. नाई आली तं मीच कबाड्याले बोलावतो. मंजूर?"

"मंजूर," हे म्हणाले. घरी येताना बसमध्ये ते नुसते बोटांवर काहीतरी मोजत होते, बहुतेक बोल्ट.

आता त्या सकाळी या. मी मोतिया रंगाची नवी साडी नेसले होते. घुग्घुसमध्ये मोतिया रंग नेसणं हाच मुळात वेडेपणा. तिथे काळी धूळ खिडकीतून, दाराखालून, कुलपाच्या भोकातूनसुद्धा येते. त्यामुळे प्रत्येक बाईला एक सवय लागते: भोक दिसलं की चिंधी कोंबायची. मी गाडीभोवती फिरले, तर पाठीमागे ही दोन भगदाडं! यांतून सगळा कोळसा माझ्या पदरावर येणार. हे अंघोळीला गेले होते. मी घरातल्या चिंध्या आणल्या, जाळीच्या कडेतून आत सारल्या आणि लाटण्याने पार खोलवर ठासल्या. बाहेरून कुणाला दिसू नये, म्हणजे चाचांना वाईट वाटायला नको. हो, एवढा विचार केला मी!

चंद्रपूर गेलं, मूल गाव गेलं. हे गुणगुणत होते. "पाह्य, कशी पळते! पाह्यलं?" माझी पाठ तव्यावर ठेवल्यासारखी झाली होती, पण शर्यतीच्या गाडीत थोडंसं भाजतंच, म्हणून मी गप्प. सावली गावाच्या पुढे गाडीने दोन उचक्या दिल्या. व्याहाड ओलांडलं आणि वैनगंगेच्या पुलाच्या थोडं अलीकडे ती बंद पडली.

ह्यांनी झाकण उचललं आणि हात झटकला. "पेट्रोल पाइपातच उकळून राह्यलं. इंजिनले हवा लागूनच नाई राह्यली. काऊन नाई लागत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि तो पडल्याबरोबर मी त्याच्यावर पदर टाकला.

"एखादी चिंधी दे वो," हे म्हणाले. "ओली करून पंपावर ठेवतो."

गाडीत त्या वेळी चिंध्यांचं कोठार भरलं होतं. मी माझा चांगला टॉवेल फाडून दिला.

टॉवेलने गाडी फर्लांगभर चालली आणि पुन्हा थांबली. असं तीनदा झालं. तेंदूपत्त्याच्या पुड्यांची मोट सायकलवर घेऊन चाललेले दोघं-तिघं थांबले. एकाने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "बाई, इंजिन घरी राह्यलं का?"

शेवटी एक बैलगाडीवाला भाऊ कनवाळू निघाला. आपली बैलगाडी त्याने झाडाखाली सोडली आणि बैल आमच्या पुढे जुंपले. पुलावरून आम्ही असे निघालो: पुढे बैल, मागे शर्यतीची लाल गाडी, आत फुलाफुलांच्या गोधडीवर मोतिया साडीतली मी. बैलांना हाकायला ह्यांनी एकदा हॉर्न दिला. त्यानंतर मात्र आमचा वेग खरोखर शर्यतीचा होता.

मांडवासमोर पोचलो तर बँडवाल्यांना वाटलं, नवरदेवासाठी काही नवीन तऱ्हेची सवारी मागवली आहे. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. चार पोरी नाचल्यासुद्धा. भासरे मांडवाच्या दारात उभे होते. त्यांनी बैलांना पाणी पाजायला सांगितलं.

लग्न लागलं, पंगती उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर हे गाडीपाशी एकटेच उभे. हातात पाना, पण पाना चालत नव्हता.

"सगळं तपासलं," ते म्हणाले. "सगळं बरोबर हाय. तरी हवा जाऊन नाई राह्यली. म्हणजे माह्याच डोक्यात काई नाई. दादा खरं म्हणते. उगाच दोन वर्षं."

ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात भासरे कबाड्याला घेऊनच आले. कबाड्याने टेम्पोतून साखळी काढली.

आता बोलणं भाग होतं, पण कसं बोलणार? भासऱ्यांशी बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं, ऐकणारा ऐकतो. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. इथे तर भिंतही नव्हती. मग मी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि गाडीलाच सांगायला लागले.

"काय वो बाई, कबाडात चालली तू? तुह्या अंगात तं काईच खराबी नाई! त्याहिनं तुले बरोबर बनवलं, चाचानं तुले बरोबर नाक देल्लं. अन् एका अडाणी बाईनं साडी खराब होईन म्हणून त्याच्यात चिंध्या ठोसल्या!"

मी स्वयंपाकातला चिमटा आणला, जाळीतून आत घातला आणि ओढायला लागले. आधी ह्यांचं बनियन निघालं. मग उशीची अर्धी खोळ. मग माझा जुना परकर, जो संपता संपेना. पाहुण्यांतली एक बाई त्याचं टोक धरून ओढू लागली. दुसऱ्या नाकपुडीतून एक ब्लाउज आणि पोत्याचा तुकडा. हे माझ्याकडे बघत होते, मग गाडीकडे, मग परकराकडे. पान्यावरची त्यांची मूठ पुन्हा घट्ट झाली, आणि ते हसायचं की चिडायचं ते ठरवू शकत नव्हते.

भासऱ्यांनी ढीग पाहिला. वाकून नाकपुडीत डोकावले, आत हात घालून पाहिला. मग सरळ उभे राहिले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीकडे नाही, गाडीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून बोलले.

"कबाड्याले मी वापस धाडतो, बाई. पण घरी जाताना तुमी एस्टीनं जा."