बिनआवाजाचं कॉफीचं मशीन

आमच्या गल्लीत चहा कुणालाही मिळायचा. पोस्टमनला, दूधवाल्याला, कल्हईवाल्याला, अगदी भाडं मागायला आलेल्या घरमालकालाही. कॉफी मात्र दोघांनाच. एक आजारातून उठलेल्याला आणि दुसरी मुलगी बघायला आलेल्यांना. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण आख्ख्या नगरात नसेल इतका तो आमच्या गल्लीत कडक पाळला जाई. त्यामुळे एखाद्या घरातून कॉफी दळल्याचा आवाज आला, की बायका आधी त्या घरात कुणी आजारी आहे का ते आठवून बघायच्या. नसलं, तर केस सारखे करून, हातात वाटी घेऊन, विरजण मागायला निघायच्या.

आमच्या घरात सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत होत्या आणि मी लग्नाची होते.

आमचं कॉफीचं मशीन मोठ्या काकांनी हुबळीहून पाठवलेलं. ओतीव लोखंडाचं, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळून बसवायचं. वरच्या वाटीत भाजलेले दाणे टाकून दांडा फिरवला, की मशीन खडखडायचं, मशीनबरोबर टेबल आणि टेबलाबरोबर मांडणीवरची भांडी. ते दुष्काळाचे दिवस होते. जिल्ह्यात जागोजाग खडी फोडायची कामं चालू होती. आमच्या गल्लीत सरकारनं तेवढं काम काढलं नव्हतं, ती उणीव आम्ही भरून काढत होतो.

आमची आणि शेजारच्या काकूंची भिंत एकच. काकू पारनेरकडच्या, मनानं चांगल्या, आणि कानानं त्याहून चांगल्या. मशीन खडखडलं की पहिली वाटी त्यांची यायची. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांचं पोस्टकार्ड यायचं, ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून, आणि ते वाचून आमच्या घरात जी शांतता व्हायची तीही काकूंना भिंतीतून ऐकू जायची. मग त्या येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. ‘जाऊ दे गं पोरी. त्येंचंच नशीब फुटकं. तू काय वाईट न्हाईस.’ त्यांच्यामागून बाकीच्या यायच्या. कुणी उपवास सुचवायची, कुणी हळद-साय. एकीनं तर नेवाशाच्या कुठल्याशा बाईचा अंगारा आणून दिला, तो आईनं तुळशीत टाकला.

खरं सांगते, मला नकाराचं दुःख फारसं होत नसे. येणारे बहुतेक जण असे होते की त्यांनी होकार दिला असता तर रडायची वेळ आली असती. मला सोसायचा नाही तो पाठीवरून फिरणारा हात. सकाळी मुलींच्या शाळेत शिकवायला निघाले की ओट्याओट्यावरून माझी कीव केली जायची. नकार येवोत हवे तेवढे, पण गल्लीला कळता कामा नयेत, एवढंच माझं मागणं होतं. माझ्या वडिलांचं, अण्णांचंही तेच. कचेरीत अव्वल कारकून असलेला माणूस, पण गल्लीतून जाताना पोरीच्या बापासारखा मान खाली घालून जायचा.

कुणी म्हणेल, मग डब्यातली तयार पूड का नाही आणली? आईनं एकदा हे म्हणून बघितलं होतं. अण्णा असे काही दचकले, की जणू तिनं पाहुण्यांना विष घालायचा बेत सांगितला. डब्यातल्या पुडीत भाजलेले चिंचोके असतात हे त्यांनी कचेरीत खात्रीलायक ऐकलं होतं. आणि समजा पाहुण्यांनी चव ओळखली तर? चिंचोके पाजणाऱ्याच्या घरची मुलगी कोण करणार? तेव्हा कॉफी ताजी दळलेलीच हवी, मात्र दळल्याचा आवाज नको, असा ठराव झाला आणि अण्णांनी तो धसास लावायचं मनावर घेतलं.

पहिला प्रयोग पाट्या-वरवंट्यावर झाला. आवाज खरोखरच आला नाही. पण आमच्या पाट्यावर रोज लसणाची चटणी वाटली जायची, आणि पाटा कितीही धुतला तरी तो आपला धर्म सोडत नाही. मिरजगावहून आलेल्या पाहुण्यांनी पहिला घोट घेतला, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातले वडीलधारे म्हणाले, ‘वेगळीच चव आहे.’ पुढच्या आठवड्यात पत्रिका जुळली नाही. त्या खेपेला पत्रिकेचा काही दोष होता असं मला आजही वाटत नाही.

मग खलबत्ता. अण्णांचं म्हणणं, खलबत्ता रोजच वाजतो, त्याचा कुणी अर्थ लावणार नाही. पाहुणे बाहेर बसलेले, आई आत कुटतेय, तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. ‘काय वो, भरदुपारी औषध कुटताय जनू?’ आई गडबडली. म्हणाली, ‘हो, यांना खोकला झालाय.’ काकू ऐकून गप्प बसतील असं आईला वाटलं हीच चूक. थोड्याच वेळात काकू अडुळशाच्या काढ्याचा पेला घेऊन थेट बाहेरच्या खोलीत हजर. ‘घ्या भावजी. कडू हाय, पन एका दमात गिळा.’ पाहुण्यांसमोर अण्णांना तो काढा प्यावा लागला. आणि खोकला झालेला माणूस न खोकता काढा पितो हे बरं दिसणार नाही, म्हणून ते बिचारे खोकलेही. इतके मनापासून खोकले की पाहुण्यांनी घरात दम्याची परंपरा आहे का अशी चौकशी केली. ते पोस्टकार्ड दोन दिवस लवकर आलं.

डॉक्टरांच्या घरी विजेचा मिक्सर नुकताच आला होता. अण्णा तो बघून आले. म्हणाले, घाट चढणारी एसटी त्याच्यापेक्षा शांत असते. जातं चालवायची तर सोयच नव्हती. दुपारी जातं वाजलं तर गल्लीनं लग्न ठरल्याचंच धरलं असतं आणि पापड लाटायला बायका जमल्या असत्या.

अशात पुण्याचं स्थळ आलं. मुलगा पिंपरीला कारखान्यात इंजिनियर. मध्यस्थ होते अण्णांच्याच कचेरीतले एक गृहस्थ. त्यांनी आतली बातमी आणली की मुलगा साधी कॉफी पीत नाही. तो पुण्यातल्या एका हॉटेलात जाऊन एस्प्रेसो पितो. एस्प्रेसो म्हणजे काय, हे मध्यस्थांनी एकदा लांबून बघितलं होतं. वाफेचं मोठं यंत्र असतं, ते फुसफुसतं, आणि एवढ्याशा कपात काळी कॉफी पडते. त्यासाठी पूड मैद्यासारखी बारीक लागते. अण्णांनी वाफेसाठी आईकडे कुकर मागितला. तिनं तो ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. निदान पूड तरी पुण्याच्या तोडीची करू, असं म्हणून अण्णा मला घेऊन टांग्यानं भिंगारला गेले.

तिथं कॅम्पाजवळ एका चाचांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. बदली झालेल्या लष्करी साहेबांच्या घरचं सामान तिथं येई. बुटांच्या ढिगामागून चाचांनी एक पितळी नळकांडं काढलं. हातात धरायचं, वर घडीचा दांडा. कुठल्याशा साहेबाच्या मडमेचं कॉफीचं मशीन. पूड अगदी चाळणीतून पाडल्यासारखी, असं चाचांनी शपथेवर सांगितलं.

‘आवाज?’ अण्णांनी हळूच विचारलं.

‘कान लावून बघा साब. मुंगी चालली तर कळंल, ह्याचं न्हाई कळायचं.’

अण्णांनी मशीन कानाला लावलं आणि दांडा फिरवला. मग माझ्या कानाला लावलं. खरंच आवाज नव्हता. लोण्यातून सुरी फिरावी तसा दांडा फिरत होता. अण्णांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद माझ्या बी.ए.च्या निकालालाही पाहिला नव्हता.

ते मशीन रिकामं होतं. दाणे घालून बघावं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही असं नाही. पण खिशात भाजलेले दाणे घेऊन टांग्यात बसलो असतो तर वास सुटला असता आणि टांगेवाला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा. गुपित राखण्याच्या नादात आम्ही गुपित राखणारं मशीनच तपासलं नाही. घरी येऊन दाणे घातले तेव्हा रॉकेलच्या डब्यात उंदीर अडकल्यासारखा आवाज आला. जुन्या मशीनपेक्षा खूपच कमी, पण काकूंच्या कानांना पुरेल एवढा.

इथं आईनं बुद्धी लढवली. तिनं मशीन गोधडीत गुंडाळलं, दोनदा घडी घातली, आणि मला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. आत हात घालायचा आणि फिरवत राहायचं. आवाज संपला. फक्त या मशीनचं पोट लहान आणि चाल मंद. पाच कपांची पूड व्हायला माणसानं तासभर बसावं लागे. आणि एप्रिलच्या उन्हात मांडीवर गोधडी. पण अण्णांनी आधीच मागच्या बोळातून पाहुणे आणायची व्यवस्था केली होती. दाणे चार दिवस आधी, काकू माहेरी पारनेरला गेलेल्या असताना भाजून ठेवले होते. सगळी तयारी चोख होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मध्यस्थ. गल्लीत कुणाची वाटी हलली नाही. मी मधल्या दाराच्या आड, मांडीवर गोधडी घेऊन, दांडा फिरवत बसले. आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी अण्णांच्या ध्यानात यायला हवी होती. आजवर दळण्या-कुटण्याच्या गडबडीत पाहुणे बाहेर काय बोलतात ते मला कधी धड ऐकूच आलं नव्हतं. आता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती.

मुलाची आई म्हणाली, ‘आमचा ब्लॉक लहान आहे. माणूस शांत पाहिजे.’

‘त्याची काळजीच नको,’ अण्णा म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. साहेबापुढे रजेचा अर्ज घेऊन उभं राहिल्यावर असेल तसला. ‘मुलगी घरात आहे की नाही हे कळायचं नाही तुम्हाला. तोंडातून शब्द म्हणून निघत नाही.’

‘पण शाळेत शिकवते म्हणे?’

‘ते आपलं वेळ जायला. सोडणार आहे. तिनंच सांगितलंय मला, लग्न झालं की शाळा नको म्हणून.’

मी असं काही म्हणाले नव्हते. शाळा माझा जीव की प्राण होती. दुष्काळात पाण्याची घागर भरून मग वर्गात येणाऱ्या मुली होत्या त्या. गणित चुकलं तर रडायच्या आणि सुटलं तर बाकावर उभ्या राहायच्या. हे अण्णांना माहीत होतं. माहीत असून ते बोलत होते. दांडा फिरवता फिरवता मला इतका राग आला की हात थांबला. आणि रागाहून जास्त, त्यांच्या त्या आवाजाची लाज वाटली.

मुलगा म्हणाला, ‘आई म्हणेल तसं.’ एवढंच तो बोलला.

मी उठून बाहेर गेले. हातात मशीन, आणि घाईत खांद्यावर घेतलेली, ओघळणारी गोधडी. मुलाचे वडील दचकून मध्यस्थांना म्हणाले, ‘ताप आहे का हिला?’

‘अण्णा,’ मी म्हणाले, ‘मी शाळा सोडणार नाही. तसं मी तुम्हाला कधीही म्हटलेलं नाही. आणि हे स्थळ मला पसंत नाही.’

हे मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज तो. भिंतीपलीकडे काकूंचं भांडी घासणं थांबलं, पण तोवर माझं बोलून झालं होतं. मध्यस्थ चाचरत म्हणाले, पत्रिका पुन्हा एकदा बघून घेऊ. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मला वाटतं त्याला जरा मजा वाटत होती. पाहुणे पुढच्या दारानं, सगळ्या गल्लीदेखत गेले.

अण्णा खुर्चीतून हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, ‘मला वाटलं, तू तयार होशील.’

‘तुम्ही विचारलं नाहीत.’

‘नाही विचारलं,’ ते म्हणाले. आत आईनं चुलीवरचं कॉफीचं आधण उतरवलं.

तेवढ्यात काकू आल्या. वाटी घेऊन, डोळे आधीच पाणावलेले. माझ्या पाठीवर हात ठेवायला त्या पुढे झाल्या. ‘न्हाई म्हनून गेले ना पावनं? जाऊ दे गं पोरी...’

अण्णा उठले. नेहमी अशा वेळी ते खिडकी लोटून घ्यायचे, बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. आज त्यांनी ती सताड उघडी ठेवली आणि म्हणाले, ‘त्यांनी नाही म्हटलं, वहिनी. आमच्या मुलीनं नाही म्हटलं त्यांना. तिला पसंत पडले नाहीत.’

त्यांनी आवाज खाली आणला नाही. समोरच्या ओट्यावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. या बातमीवर काय बोलायची रीत आहे ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंचा हात माझ्या पाठीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. मला अण्णांचा फार अभिमान वाटला. मी आत जाऊन हमसाहमशी, मोठमोठ्यानं रडले, आणि त्या दिवशी घरात कुणीही मला हळू रड म्हणालं नाही.